खुल्या इंजिनाची घडण

संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या परिणामांविषयी, म्हणजे मुलांचा वाया जाणारा वेळ, व्यसन आणि हिंसा यांविषयी असते. हे खेळ ज्या साधनांनी घडतात त्या साधनांकडे अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. या साधनांपैकी सर्वांत मोठे आणि खेळणाऱ्याला सर्वांत कमी दिसणारे साधन म्हणजे गेम इंजिन. खेळाडूने बटण दाबल्याचे ओळखणे, पात्राची जागा बदलणे, ते भिंतीवर आदळले की नाही हे ठरवणे, दृश्य रंगवणे, पावलांचा आवाज काढणे ही कामे बहुतेक सर्व खेळांत सारखीच असतात, आणि खेळ सुरळीत वाटायचा तर ती सेकंदाला साठ वेळा, म्हणजे दर खेपेस सुमारे १६.७ मिलिसेकंदांत, पुरी व्हावी लागतात. ही सामाईक कामे एकदाच नीट लिहून ठेवून त्यांच्या आधारे वेगवेगळे खेळ उभारता यावेत यासाठी जी आज्ञावली रचली जाते ती म्हणजे इंजिन; गोष्ट, नियम आणि चित्रे तेवढी खेळ करणाऱ्याची.

असे इंजिन सहसा एखाद्या कंपनीच्या मालकीचे असते आणि खेळ करणारा ते भाड्याने घेतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय वेगळा आहे. ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, जे अनेक कार्यप्रणालींवर चालते, आणि ज्याची दिशा वापरकर्त्यांच्या तक्रारींनी, सूचनांनी व दुरुस्त्यांनी वेळोवेळी वळवली आहे, अशा इंजिनाचा, आणि त्यातही ‘गोदो’ या इंजिनाचा, हा अभ्यास आहे. (नाव सॅम्युएल बेकेट यांच्या नाटकावरून घेतलेले आहे.) खुलेपणा, बहुप्रणालीयता आणि वापरकर्त्यांचा सहभाग हे तिन्ही गुण एका दमात उच्चारण्याची प्रथा असली तरी ते एकमेकांचे सख्खे नाहीत, जितक्या प्रणाली अधिक तितके वापरकर्ते भिन्न, आणि जितके वापरकर्ते भिन्न तितक्या त्यांच्या मागण्या परस्परविरोधी. प्रस्तावनाकाराच्या मते कोड खुला करणे ही या व्यवहारातली सर्वांत सोपी पायरी आहे. खरे अवघड काम त्यानंतर सुरू होते, आणि ते म्हणजे येणाऱ्या असंख्य मागण्यांपैकी कोणती स्वीकारायची व कोणती नाकारायची हे ठरवणे, आणि तेही चारचौघांत, कारणे देऊन.

कोड खुला होणे आणि कोड खुल्यावर घडणे यांतला फरक आधी पाहिला पाहिजे. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९३ साली आलेल्या ‘डूम’ या खेळाचा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला आणि ‘क्वेक’चा १९९९ च्या डिसेंबरात. हे औदार्य मोठे होते आणि त्रिमितीय चित्रणाचे धडे अनेकांनी त्या कोडवर गिरवले. पण तोवर त्या इंजिनांची व्यापारी उमेद ओसरली होती आणि कंपनीचे लक्ष पुढच्या इंजिनाकडे गेले होते, त्यामुळे वाचकाच्या हाती कोड आला तरी घडणीतला वाटा आला नाही. एपिक कंपनीने २०१४ च्या मार्चमध्ये ‘अनरिअल इंजिन ४’चा कोड वर्गणीदारांना पाहायला दिला, तेथे घडण चालू होती आणि बदल सुचवताही येत होते, परंतु मालकी, परवान्याच्या अटी आणि खेळाच्या उत्पन्नातील पाच टक्क्यांचा हिस्सा कंपनीकडेच राहिला. ॲमेझॉनने २०२१ मध्ये आपले इंजिन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ओपन थ्री-डी इंजिन’ या नावाने संपूर्ण मुक्त केले, तेव्हा अडचण उलट बाजूने दिसली. कोड प्रचंड होता आणि परवाना उदार होता, पण तो वापरता वापरता वाढलेला, त्याच्या खोडी माहीत असलेला वापरकर्त्यांचा मोठा समूह त्याच्यासोबत आला नव्हता. असा समूह देणगीत देता येत नाही.

गोदोची सुरुवात अर्जेंटिनात झाली. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी तेथील गेम स्टुडिओंची कामे करताना स्वतःच्या सोयीसाठी हे इंजिन रचले आणि कित्येक वर्षे ते घरचे अवजार म्हणूनच वापरात राहिले. २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांनी त्याचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या आणि त्यातील प्रत्येक बदलाची नोंद राखण्याच्या सार्वजनिक जागी, ठेवला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात १.० ही आवृत्ती आली. परवाना निवडला गेला तो एमआयटी परवाना, आणि या निवडीचे महत्त्व थोडे उलगडून सांगितले पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जीपीएल नावाचा अधिक कडक परवाना प्रचलित आहे, ज्यानुसार मुक्त कोड मिसळून केलेली आज्ञावली वाटायची असेल तर तिचाही कोड खुला करावा लागतो. खेळ बांधताना इंजिनाचा कोड खेळासोबतच ग्राहकाकडे जात असल्यामुळे ही अट गोदोला लागू असती तर त्यावर केलेला प्रत्येक खेळ तिच्या कक्षेत येण्याचा धोका होता, आणि ज्याला खेळ विकून पोट भरायचे आहे असा कोणीही त्याच्या वाटेला गेला नसता. एमआयटी परवान्याची अपेक्षा एवढीच की मूळ हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा. याची दुसरी बाजू अशी की एखादी मोठी कंपनी हे इंजिन घेऊन त्यात सुधारणा करील आणि त्यांतली एकही परत देणार नाही, व याविरुद्ध कोणालाही दाद मागता येणार नाही. निर्मात्यांनी हा तोटा समजून उमजून पत्करला.

अनेक प्रणालींवर चालणे म्हणजे काय, याची कल्पना वरवर पाहता सोपी वाटते. विंडोजवर खिडकी उघडण्याची रीत एक, लिनक्सवर दुसरी. अँड्रॉइडवर उंदराऐवजी बोट असते आणि फोन आला की खेळ मध्येच थांबवावा लागतो. ब्राउझरमध्ये तर संगणकावरील फाइलींना मनमोकळा हात लावण्याची मुभाच नसते. यावर उपाय म्हणून इंजिनाचे थर पाडतात. वरचा थर केवळ मागणी करतो, की खिडकी उघडावी, आवाज वाजवावा, हा त्रिकोण रंगवावा. ती मागणी त्या त्या प्रणालीच्या भाषेत उतरवण्याचे काम खालचा थर करतो, आणि नवी प्रणाली जोडायची तर, निदान तत्त्वतः, तेवढा खालचा थर नव्याने लिहावा लागतो. गोदोमध्ये चित्रण, भौतिकी (म्हणजे वस्तूंची गती आणि टक्कर यांचे गणित), ध्वनी अशा कामांसाठी स्वतंत्र ‘सर्व्हर’ आहेत. हा शब्द येथे दूरच्या संगणकासाठी योजलेला नसून, इंजिनाच्या आतच मागण्या घेऊन त्या पुऱ्या करणाऱ्या विभागासाठी योजलेला आहे. भौतिकीचा एक विभाग काढून दुसरा बसवणे या रचनेमुळे शक्य झाले, आणि त्याचा उपयोग कसा झाला हे पुढे येईलच.

तत्त्व आणि व्यवहार यांच्यातली दरी सर्वांत रुंद दिसते ती चित्रणात. ग्राफिक्स चिपशी बोलण्याच्या भाषा अनेक आहेत: व्हल्कन, ॲपलची मेटल, मायक्रोसॉफ्टची डायरेक्ट थ्री-डी, जुनी पण सर्वत्र आढळणारी ओपन-जीएल, आणि ब्राउझरसाठी तिचेच आखूड रूप वेब-जीएल. शिवाय प्रत्येक चिपसोबत तिच्या उत्पादकाने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि कार्यप्रणाली यांच्यामधला दुभाषी, असतो आणि त्या दुभाष्याच्याही चुका असतात. कागदावर एकच नियम पाळणारे दोन फोन प्रत्यक्षात तोच खेळ वेगळा दाखवतात, किंवा एक तो दाखवतो आणि दुसरा बंद पडतो. जगातले सारे फोन कोणत्याही संस्थेच्या प्रयोगशाळेत मावणार नाहीत. वापरकर्त्यांचा अभिप्राय ही या क्षेत्रात सौजन्याची बाब राहत नाही ती याच कारणाने. जी माहिती केवळ वापरकर्त्यांच्या खिशांत विखुरलेली आहे ती मिळवण्याचा दुसरा मार्गच उपलब्ध नाही.

२०१८ च्या जानेवारीत आलेल्या ३.० या आवृत्तीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. या आवृत्तीत चित्रणाचा विभाग ओपन-जीएल ईएस ३ या भाषेवर नव्याने बांधला गेला आणि प्रकाश, सावल्या, धातूची चकाकी यांत गोदोने मोठी झेप घेतली. जुनी उपकरणे हळूहळू मागे पडतील आणि नवी भाषा सर्वत्र नीट चालू लागेल हा हिशेब मात्र फसला. स्वस्त फोनांवर आणि जुन्या संगणकांवर ड्रायव्हरांच्या चुकांमुळे खेळ अडखळू लागले, काही ठिकाणी सुरूच होईनात, आणि ज्यांना द्विमितीय साधा खेळ करायचा होता त्यांना न मागितलेल्या चकाकीची किंमत मोजावी लागली. तक्रारींचा ओघ असा होता की २०१९ च्या मार्चमधील ३.१ या आवृत्तीत जुन्या ईएस २ भाषेवरचा चित्रणविभाग नव्याने लिहून पर्याय म्हणून परत आणावा लागला. पुढे २०२३ च्या १ मार्चला ४.० आली आणि मुख्य चित्रण व्हल्कनवर गेले, तेव्हा ‘कंपॅटिबिलिटी’ नावाचा ओपन-जीएलवरचा मार्ग सोबतच ठेवण्यात आला, जरी पहिल्या खेपेस तो बराच अपुरा होता. वस्तुतः या प्रकरणात कोणाचीही तांत्रिक समज कमी पडली नव्हती. इंजिन लिहिणाऱ्याच्या टेबलावर सहसा चांगले यंत्र असते, आणि त्या यंत्रावरून पाहिले तर जुने फोन संपत आल्यासारखे दिसतात, एवढेच.

४.० मध्येच ब्राउझरची बाजू लंगडी पडली. या आवृत्तीपासून वेबवर न्यायचा खेळ एकाच वेळी अनेक धाग्यांवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामांवर, अवलंबून राहिला. आणि धाग्यांना जी सामाईक स्मृती लागते ती २०१८ साली उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधील दोषानंतर ब्राउझरांनी कडक अटींखाली ठेवली होती. खेळ ठेवणाऱ्या संकेतस्थळाने सर्व्हरवर विशिष्ट सूचना लावल्या नाहीत तर खेळ उघडतच नसे, आणि छोट्या खेळकर्त्याच्या हाती ते क्वचितच असे. दोन-तीन दिवसांत खेळ करून तो ब्राउझरमधून लोकांपुढे ठेवण्याच्या ज्या स्पर्धा असतात, त्यांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना याचा फटका बसला. २०२४ च्या ऑगस्टमधील ४.३ मध्ये एकाच धाग्यावर चालणारा पर्याय परत आला. येथे तक्रार करणारे व्यापारीदृष्ट्या सर्वांत दुबळे होते आणि तरीही त्यांचे म्हणणे ऐकले गेले, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. मालकीच्या इंजिनात अशा गटाचा आवाज हिशेबवहीपर्यंत पोहोचणे कठीण असते.

तथापि वापरकर्ता मागेल ते देत गेले की इंजिन उत्तम होईल, असा निष्कर्ष यावरून काढणे भाबडेपणाचे ठरेल. रोग्याला दुखते कुठे हे वैद्यापेक्षा नेमके कळते, पण औषध कोणते हे त्याला कळेलच असे नाही, आणि इंजिनाच्या बाबतीत तर बहुतेक सूचना दुखणे न सांगता थेट औषधाचीच मागणी करतात. ‘व्हिज्युअल स्क्रिप्ट’ हे याचे बोलके उदाहरण. कोड टंकण्याऐवजी चौकोन आणि रेषा जोडून खेळाचे नियम रचता यावेत अशी मागणी, विशेषतः अनरिअलमधील तशी सोय पाहिलेल्यांकडून, मोठ्या आवाजात होत होती, ३.० मध्ये ती पुरी झाली. पुढे असे आढळले की तिचा वापर फारच थोडे लोक करतात, कारण चौकोनांच्या आत शेवटी त्याच बारीकसारीक आज्ञा होत्या, आणि गोदोची स्वतःची ‘जीडीस्क्रिप्ट’ ही भाषा इतकी सोपी होती की नवख्यालाही थेट तीच शिकणे परवडे. ४.० मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. मूळ दुखणे, की ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्याने खेळ कसा करावा, त्यामुळे सुटले नाही. सुचवलेले औषध मात्र चुकीचे होते एवढे सिद्ध झाले.

अशा अनुभवांतून गोदोच्या कर्त्यांनी जी शिस्त बसवली ती या ग्रंथाचा गाभा आहे. २०१९ पासून नव्या सुविधांच्या मागण्या चुकांच्या नोंदींपासून वेगळ्या केल्या गेल्या आणि त्यांना ठराविक प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक झाले. मागणी करणाऱ्याने तो कोणत्या खेळावर काम करत आहे ते सांगावे. त्याला आलेली अडचण सांगावी. सुचवलेली सुविधा ती अडचण कशी दूर करील ते सांगावे. तेच काम थोड्या ओळींच्या स्क्रिप्टने भागत नाही का, याचे उत्तर द्यावे. आणि ही गोष्ट इंजिनाच्या गाभ्यातच का हवी, बाहेरून जोडायच्या पूरक आज्ञावलीने का चालणार नाही, हेही पटवून द्यावे. प्रश्नांचा क्रमच पुरेसा सूचक आहे. अडचण आधी आली पाहिजे आणि ती काल्पनिक असता कामा नये. पुढेमागे कोणाला तरी लागेल म्हणून काही घालायचे नाही. आणि जी अडचण क्वचित येते व सहज टळते तिच्यासाठी प्रत्येकाच्या इंजिनाचे वजन वाढवायचे नाही. हे नियम वाचताना कोरडे वाटतात, आणि रात्र रात्र जागून लिहिलेला कोड घेऊन आलेल्या तरुणाला ‘यामागची अडचण कोणती’ असा प्रश्न ऐकावा लागतो तेव्हा ते कठोरही वाटतात. त्या कठोरपणाचे समर्थन असे की एकदा आत घेतलेला कोड देणारा निघून गेला तरी सांभाळावा लागतो, आणि सांभाळणारे बहुधा दुसरेच असतात.

शिस्तीचा आणखी एक अर्थ भौतिकीच्या विभागाच्या कहाणीत दिसतो. ३.० मध्ये त्रिमितीय भौतिकीसाठी ‘बुलेट’ हे बाहेरचे मुक्त सॉफ्टवेअर घेतले होते, ४.० मध्ये ते काढून गोदोचा स्वतःचा विभाग पुन्हा पुढे आणला गेला, आणि एकावर एक रचलेल्या वस्तू थरथरतात, पात्रे कडांवर अडकतात अशा तक्रारी वाढल्या. दरम्यान नेदरलँड्समधील गेरिला गेम्समध्ये काम करणाऱ्या योरिट राउवे यांनी लिहिलेले ‘जोल्ट’ हे भौतिकीचे सॉफ्टवेअर एमआयटी परवान्याखाली उपलब्ध झाले होते आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या मोठ्या खेळात ते वापरलेही गेले होते. वापरकर्त्यांपैकीच काहींनी ते गोदोला बाहेरून जोडणारे पूरक सॉफ्टवेअर लिहिले. इतरांनी ते वापरले, त्यातल्या चुका काढल्या, आणि ते टिकते असे दिसल्यावर २०२५ च्या मार्चमधील ४.४ मध्ये ते पर्याय म्हणून इंजिनात आले. मागणीपेक्षा चाललेला प्रयोग अधिक बोलका असतो. अभिप्राय शब्दांतून येतो तसा तो कोडमधूनही येतो, आणि खुल्या इंजिनाचे खरे वेगळेपण या दुसऱ्या प्रकारात आहे, कारण बंद इंजिनाचा वापरकर्ता तक्रार कितीही नेमकी करू शकला तरी पर्याय बांधून दाखवण्याची त्याची शक्यता फार मर्यादित असते.

येथे एक गैरसोयीचा प्रश्न विचारणे भाग आहे: बोलतो कोण? चर्चा इंग्रजीत चालते, ती करायला मोकळा वेळ लागतो, आणि अडचण नीट मांडण्याइतके तांत्रिक भान लागते. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही तो मुकाट्याने इंजिन बदलतो किंवा खेळ करण्याचा नादच सोडतो. मराठी वाचकाला याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत मजकूर पडद्यावर उमटवण्याची रीत अशी होती की अक्षरांचे संकेत ज्या क्रमाने साठवलेले आहेत त्या क्रमाने एकेका संकेताचे चित्र शेजारी शेजारी ठेवायचे. रोमन लिपीला हे पुरते. देवनागरीत मात्र ऱ्हस्व इकार साठवणीत व्यंजनानंतर येतो आणि लिहिताना आधी. ‘क्ष’ तीन संकेतांचा असून दिसतो एक. आणि रफार तर अख्ख्या अक्षरसमूहाच्या डोक्यावर उडी मारतो. परिणामी मराठी मजकूर सुटलेल्या हलंतांचा आणि भरकटलेल्या वेलांट्यांचा ढीग होऊन उमटे, आणि मराठीत खेळ करू पाहणाऱ्याला वाक्यांची चित्रे करून चिकटवणे हाच मार्ग उरे.

४.० मध्ये मजकुरासाठी स्वतंत्र ‘टेक्स्ट सर्व्हर’ आला. त्यात हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले आहे, जे फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांतही अक्षरांची जुळणी करते. कोणत्या संकेतांचे मिळून कोणते चित्र होते आणि ते कुठे बसते हे फॉन्टमधील नियम वाचून ठरवणे हे त्याचे काम. अरबी आणि हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपींचा प्रश्नही त्याच कामात सुटला, आणि गोदोचा संपादक, म्हणजे ज्यात बसून खेळ रचला जातो ते साधन, स्वतः गोदोवरच बांधलेला असल्यामुळे त्याचेही रूप सुधारले. मजकुराची भाषा मराठी आहे असे इंजिनाला सांगण्याची सोय झाल्यामुळे, फॉन्टमध्ये तशी तरतूद असेल तर, हिंदी वळणाच्या ल आणि श ऐवजी मराठी वळणाचे ल आणि श उमटवता येतात. गैरसोयी उरल्या आहेत, उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये खेळाला यंत्रावरचे फॉन्ट मिळत नाहीत म्हणून देवनागरी फॉन्ट खेळासोबतच द्यावा लागतो. तरीही, ज्या समाजांतून फारशा तक्रारी आल्या नसतील त्यांचीही सोय झाली ती प्रश्न एका लिपीपुरता न पाहता लिपींच्या वर्गाचा म्हणून पाहिला गेल्यामुळे, हे विसरता कामा नये. केवळ आलेल्या मागण्या मोजून काम ठरवले असते तर देवनागरीची पाळी फार उशिरा आली असती.

पैशाचा विषय थोडक्यात आटोपण्याजोगा नसला तरी येथे त्याचा एकच पैलू पुरे. गोदोला मायक्रोसॉफ्टकडून सी शार्प भाषेच्या जोडणीसाठी २४,००० डॉलर मिळाले, एपिककडून २०२० मध्ये २,५०,००० डॉलर मिळाले. आर्थिक व कायदेशीर व्यवस्था २०१५ पासून अमेरिकेतील सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीकडे होती आणि २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये गोदो फाउंडेशन स्थापन झाले. मोठा लोंढा आला तो मात्र दुसऱ्याच्या निर्णयामुळे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी या मालकीच्या इंजिनाच्या कंपनीने, विशिष्ट उत्पन्न आणि संख्या ओलांडलेल्या खेळांवर, खेळ नव्याने यंत्रावर बसवला गेला की दर खेपेस शुल्क लावण्याचे जाहीर केले. आधीच विकल्या गेलेल्या खेळांनाही ते पुढे लागू होणार असल्याने संताप उसळला. काही दिवसांतच अटी सौम्य झाल्या आणि वर्षभराने, २०२४ च्या सप्टेंबरात, शुल्क रद्दच झाले. अभिप्रायाने तेथेही काम केले, पण निर्णय झाल्यावर आणि बंडाच्या रूपाने. त्या दिवसांत ‘टेरारिया’ करणाऱ्या री-लॉजिकने गोदोला १,००,००० डॉलर आणि पुढे दरमहा १,००० डॉलर देऊ केले, तर मेगा क्रिट या संस्थेने ‘स्ले द स्पायर २’ युनिटीवरून गोदोवर नेले. नव्या वापरकर्त्यांबरोबर नव्या मागण्या आल्या, आणि ‘युनिटीत हे असे होते’ हा युक्तिवादही आला, जो अडचण म्हणून ग्राह्य धरावा की सवय म्हणून सोडून द्यावा यावर वाद झडले. आलेल्या पैशाचा सर्वांत उपयुक्त विनियोग प्रस्तावनाकाराला नव्या सुविधांत दिसत नाही, तर इतरांचा कोड वाचून तपासणाऱ्यांना वेतन देण्यात दिसतो. स्वीकृतीची वाट पाहत असलेले बदल हजारोंच्या घरात आहेत आणि ते समजून घेऊन निर्णय देऊ शकणारी माणसे थोडी.

ज्याचे म्हणणे कोणत्याही मार्गाने मान्य होत नाही त्याच्याकडे शेवटी एक अधिकार उरतो, तो म्हणजे कोड घेऊन वेगळी चूल मांडण्याचा. २०२४ च्या शरदात सामाजिक माध्यमांवरील एका वादानंतर ‘रीडॉट’ नावाची अशी फुटीर शाखा निघाली. वादाचे कारण तांत्रिक नव्हते, आणि त्याचा न्यायनिवाडा हा या ग्रंथाचा विषय नाही. परंतु अशी शाखा निघू शकते हे मूळ प्रकल्पाच्या कर्त्यांना ठाऊक असणे, आणि फुटणाऱ्याला त्यानंतर दर आवृत्तीचे बदल स्वतः ओढून आणावे लागतात, चित्रणापासून फॉन्टपर्यंत सारे सांभाळावे लागते हे त्यालाही ठाऊक असणे, या दुहेरी जाणिवेने दोन्ही बाजूंना आवर बसतो. एमआयटी परवान्याचे राजकीय स्वरूप ते हेच.

ग्रंथाच्या मर्यादा सांगणे उचित होईल. खेळ कसा रचावा, तो रंजक कसा करावा किंवा विकावा कसा, याचे मार्गदर्शन यात नाही. उदाहरणे गोदोच्या चौथ्या आवृत्तीवर बेतलेली आहेत आणि जुन्या आवृत्त्यांचा उल्लेख निर्णयांचा इतिहास समजावा एवढ्यापुरता आहे. इंजिन, कोड, फॉन्ट, ड्रायव्हर असे शब्द रूढ असल्यामुळे तसेच ठेवले आहेत. निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या कन्सोलांवरील प्रकरण, म्हणजे केवळ खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या यंत्रांवरील प्रकरण, इतरांच्या मानाने त्रोटक वाटेल. त्या यंत्रांसाठी लागणारी साधने गोपनीयतेच्या करारांखाली दिली जातात, त्यामुळे त्यांच्याशी जोडणारा थर मुक्त इंजिनाच्या सार्वजनिक कोडमध्ये ठेवताच येत नाही. तो खाजगी कंपन्या तयार करून देतात, आणि अशा कंपन्यांपैकी डब्ल्यूफोर गेम्स ही तर २०२२ मध्ये लिनिएत्स्की यांच्यासह गोदोच्याच काही प्रमुखांनी काढलेली आहे. खुल्या इंजिनाचे कर्ते आणि बंद जोडणीचे विक्रेते या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकत्र आल्या की कोणते प्रश्न उभे राहतात, याची चर्चा त्या प्रकरणात केली आहे. त्या थराच्या आतल्या रचनेचे वर्णन मात्र, ज्यांना ते माहीत आहे त्यांनी करारांवर सह्या केलेल्या असल्यामुळे, तेथे आढळणार नाही.